विमानांच्या कसरती पाहावयास जाताना

विमानाची घरघर कानी पडली की वर्गातील मुलांची दृष्टी फळ्यावरून खिडकीकडे वळते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. विमान दृष्टीआड होईपर्यंत पाठ पुढे सरकत नाही. खेड्यातील मुलाने आकाशातील हा ठिपका पुष्कळदा पाहिलेला असतो. परंतु त्याचे पंख, त्याचा वेग आणि त्याचा आवाज जवळून अनुभवण्याची संधी त्याला सहसा मिळत नाही. अशी संधी सार्वजनिक हवाई प्रात्यक्षिकांच्या दिवशी लाभते. बंगळूरजवळ येलहंका येथे १९९६ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी मोठे विमान-प्रदर्शन भरत आले आहे. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रयागराज येथे संगमावर, जानेवारी २०२४ मध्ये मुंबईस मरीन ड्राइव्हवर आणि ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर भारतीय वायुसेनेने आपल्या कसरती लोकांना विनामूल्य दाखविल्या.

अशा प्रसंगी गावोगावची कुटुंबे एस.टी.ने किंवा आगगाडीने शहरात जातात. आजी-आजोबा, तान्हे मूल, डब्यातील भाकरी असा सारा संसार बरोबर असतो. निघण्यापूर्वी पालक गुरुजींना किंवा बाईंना विचारतात, “जावे काय? मुलांना न्यावे काय? तेथे काय पाहावयाचे?” या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शिक्षकाजवळ तयार असावीत. आकाशात जे दिसते त्यामागील शास्त्र आणि जमिनीवर जी काळजी घ्यावयाची तिच्यामागील कारण, ही दोन्ही ठाऊक असल्यास हा एक दिवस मुलास वर्षभर पुरेल इतके शिकवून जातो. ती ठाऊक नसल्यास हाच दिवस कष्टाचा, आणि क्वचित शोकाचाही, होऊ शकतो.

प्रदर्शनाची परंपरा

राइट बंधूंच्या यंत्रचलित विमानाने १७ डिसेंबर १९०३ रोजी प्रथम उड्डाण केले. ते अवघे १२ सेकंदांचे व सुमारे ३७ मीटरांचे होते. त्यानंतर सहाच वर्षांनी, ऑगस्ट १९०९ मध्ये, फ्रान्समधील रेंस या गावी विमानांचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला आणि माणूस खरोखर उडू शकतो हे हजारो लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

भारताचाही या परंपरेत मानाचा वाटा आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबाद येथील प्रदर्शनाच्या निमित्ताने आलेल्या विमानातून आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे ६,५०० पत्रे यमुनेपलीकडे नैनी येथे पोचविली. अंतर जेमतेम १० किलोमीटर होते. तथापि जगातील पहिली अधिकृत विमानटपाल म्हणून तिची नोंद झाली. लोकांच्या करमणुकीसाठी आणलेले यंत्र लोकांच्या उपयोगी कसे पडले, हे सांगण्यास शिक्षकाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

भारतीय वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. म्हणून तो दिवस वायुसेना-दिन म्हणून पाळला जातो आणि मोठी प्रात्यक्षिके बहुधा त्या सुमारास होतात. त्यांत नऊ जेट विमानांचे ‘सूर्यकिरण’ पथक, ध्रुव हेलिकॉप्टरांचे ‘सारंग’ पथक आणि हवाई छत्र्यांनी उतरणारे ‘आकाशगंगा’ पथक ही विशेष प्रसिद्ध आहेत. सूर्यकिरण पथक १९९६ साली स्थापन झाले. २०११ साली त्याचे काम थांबले आणि पुढे हॉक जातीच्या विमानांवर ते पुन्हा उभे राहिले. महाराष्ट्रातील मुलांना आपलेपणा वाटावा अशीही एक गोष्ट आहे. नाशिकजवळील ओझर येथील कारखान्यात मिग-२१ व सुखोई-३० ही विमाने बांधली गेली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथेच बांधलेल्या तेजस मार्क-१ए या विमानाने पहिले उड्डाण केले.

आधी विमान, मागून आवाज

प्रात्यक्षिकात मुलांच्या ध्यानात सर्वप्रथम येणारी गोष्ट म्हणजे विमान एकीकडे दिसते व आवाज दुसरीकडून येतो. नुसते “असे होते” म्हणून हा प्रश्न सोडून देऊ नये. त्याचा हिशेब फळ्यावर करता येतो. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर यावयास त्याला जवळजवळ ३ सेकंद लागतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला २५० मीटर जाते. ते एक किलोमीटर दूर असताना निघालेला आवाज प्रेक्षकाच्या कानी पडेपर्यंत विमान आणखी ७५० मीटर पुढे गेलेले असते. कान दाखवितो ती जागा विमानाने सोडलेली असते. म्हणून विमान पाहू इच्छिणाऱ्याने आवाजाच्या पुढे, विमानाच्या दिशेने पाहावे. हीच युक्ती पावसाळ्यात वीज किती दूर चमकली हे मोजण्यासही उपयोगी पडते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत व त्यांस तिनाने भागावे. तेवढे किलोमीटर अंतर.

उलटे विमान का पडत नाही

पंखाचा वरचा भाग फुगीर असतो, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला लांबचा पल्ला पडतो. खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोचण्यासाठी ती वेगाने जाते आणि त्यामुळे विमान उचलले जाते, असे स्पष्टीकरण कित्येक पुस्तकांत आढळते. यातील “एकाच वेळी पोचण्यासाठी” हा भाग चुकीचा आहे. वरची हवा वेगाने जाते हे खरे. परंतु खालच्या हवेची गाठ घेण्याचे कोणतेही बंधन तिच्यावर नसते. किंबहुना ती खालच्या हवेच्या आधीच पंखाच्या मागील कडेशी पोचते. या स्पष्टीकरणातील उणीव प्रात्यक्षिकाच्या दिवशी आकाशातच दिसते. वैमानिक विमान उलटे करून सरळ उडवितो. उचल केवळ फुगीरपणातून येत असती, तर उलट्या पंखाने विमान खाली ओढले गेले असते.

खरे कारण मुलांना पतंगावरून सांगावे. पतंग वाऱ्याला तिरपा उभा राहतो. येणारा वारा तो खाली वळवितो आणि त्या बदल्यात वारा त्यास वर रेटतो. विमानाचा पंखही हवेत थोडा तिरपा धरलेला असतो आणि तो हवा खाली ढकलतो. क्रिया तशी प्रतिक्रिया, या न्यूटनच्या नियमाप्रमाणे हवा पंखाला वर ढकलते. उलटे उडताना वैमानिक विमानाचे नाक किंचित वर धरून हाच तिरपेपणा राखतो. फुगीर आकारामुळे हे काम कमी कष्टांत होते, एवढेच.

बादलीतील पाणी

विमान आकाशात उभे वर्तुळ काढते तेव्हा माथ्यावर वैमानिकाचे डोके जमिनीकडे असते, तरी तो आसनातून पडत नाही. हे समजावून देण्यास मोकळ्या पटांगणात मजबूत कडीची लहान बादली अर्धी भरून घ्यावी, मुलांना दूर उभे करावे आणि बादली वेगाने उभ्या वर्तुळात फिरवावी. पाणी सांडत नाही. मात्र हाताला बादली जड लागते. वेगाने वळण घेणाऱ्या वैमानिकालाही स्वतःचे शरीर असेच जड होते. सहापट भार आला आणि डोके व शिरस्त्राण मिळून ६ किलो धरले, तर मानेवर ३६ किलोंचा भार पडल्यासारखे होते. रक्तही पायांकडे उतरू लागते व डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. म्हणून लढाऊ विमानातील वैमानिक पाय व पोट आवळणारा खास पोशाख घालतात आणि श्वास रोखून स्नायू ताठ धरण्याचा सराव करतात. जमिनीवरून जी सहज गिरकी दिसते, तिच्यामागे असे कठोर परिश्रम असतात.

रांग, सामना आणि धूर

नऊ विमाने एकमेकांपासून अवघ्या काही मीटरांवर उडतात तेव्हा ती दोरीने बांधल्यासारखी भासतात. येथे लेझमीच्या रांगेचे उदाहरण पुरेसे आहे. रांगेतील प्रत्येक मुलगा सर्व रांगेकडे पाहत नाही. तो शेजाऱ्याकडे पाहून पाऊल टाकतो. विमानपथकातही नायकाखेरीज प्रत्येक वैमानिक शेजारच्या विमानावरील ठरावीक खुणांवर दृष्टी ठेवून आपली जागा राखतो. सर्वांचा वेग सारखा असल्याने एकास दुसरे जवळजवळ स्थिर दिसते. बैलजोडीतील एका बैलाला दुसरा सदैव शेजारीच दिसावा, तसे.

दोन विमाने समोरासमोर येऊन आता आदळणार असे वाटते तेव्हा मुले ओरडतात. वस्तुतः त्यांचे मार्ग वेगळे ठरविलेले असतात. पटांगणावर थोड्या अंतराने दोन समांतर रेषा आखून दोन मुलांना विरुद्ध टोकांकडून चालावयास सांगावे आणि इतरांनी ते बाजूने, दुरून पाहावे. ती एकमेकांवर आपटणार असाच भास होतो. दुरून खोली कळत नाही, हे त्याचे कारण. तथापि आकाशात ही चूक सुधारण्यास फार थोडी सवड असते, हेही सांगावे.

विमानामागे सुटणारा पांढरा पट्टा पाहून “आग लागली काय?” असे लहान मुले विचारतात. ती आग नव्हे. इंजिनातून निघणाऱ्या तप्त वायूंत तेलाची बारीक धार सोडतात. तिची वाफ होते व बाहेर थंड होऊन पांढरे धुके बनते. त्यात रंग मिसळला म्हणजे रंगीत पट्टे उमटतात. गावावरून फार उंच जाणाऱ्या विमानामागे दिसणारी पांढरी रेघ मात्र निराळी. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची वाफ तेथील अतिथंड हवेत गोठते व तिचे बर्फकण होतात; तीच ती रेघ.

प्रेक्षक दूर का ठेवतात

विमाने डोक्यावरून का जात नाहीत, समुद्रावरून किंवा मोकळ्या मैदानावरूनच का फिरतात, अशी तक्रार पुष्कळ प्रेक्षक करतात. या अंतराची किंमत मनुष्यप्राणांनी मोजलेली आहे. ६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथील प्रदर्शनात एक जेट विमान वेगाने प्रेक्षकांकडे वळताना हवेतच फुटले. वैमानिक जॉन डेरी व त्यांचे सहकारी अँथनी रिचर्ड्स मृत्यू पावले आणि सुटलेले भाग गर्दीत कोसळून २९ प्रेक्षकांचा अंत झाला. विमान फुटले तरी त्याचे तुकडे ते ज्या दिशेने चालले होते त्याच दिशेने धावत राहतात; हा गतीचा नियम आहे. म्हणून त्यानंतर ब्रिटनमध्ये निर्बंध कडक झाले. विमानाने प्रेक्षकांच्या दिशेने न येता त्यांच्यासमोरून समांतर जावे आणि मध्ये ठरावीक अंतर राखावे, हे त्यांचे सार होय. किनारा याकामी सोयीचा ठरतो. लोक एका रेषेत उभे राहतात आणि कसरतीखाली वस्ती नसते.

दुसरी घटना २२ ऑगस्ट २०१५ ची आहे. इंग्लंडमधील शोरम येथे उभे वर्तुळ पुरे करण्याइतकी उंची न मिळाल्याने एक जुने जेट विमान प्रदर्शनाच्या आवाराबाहेरील हमरस्त्यावर कोसळले व ११ जण प्राणास मुकले. आवारातील प्रेक्षक सुरक्षित राहिले. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून, गच्चीवरून किंवा झाडावरून फुकट व जवळून पाहता येते असे ज्यांना वाटते, त्यांना ही घटना अवश्य सांगावी. कुंपण व दोर हे पाहुण्यांचा अवमान करण्यासाठी लावलेले नसतात.

याच विषयातील आणखी एक गोष्ट मुलांच्या हातची आहे. उष्टे अन्न टाकले म्हणजे घारी व कावळे जमतात. विमानाचा वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो. म्हणून पाऊण किलोची घारही इंजिनात शिरल्यास किंवा काचेवर आदळल्यास विमान संकटात येऊ शकते. येलहंका येथील प्रदर्शनाच्या दिवसांत आसपासच्या काही किलोमीटरांत मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश २०२३ व २०२५ साली काढण्यात आले होते, ते याच कारणाने. आपल्या डब्यातील उरलेला घास परत घरी आणणे, हे मुलाने वैमानिकाच्या रक्षणासाठी केलेले खरे काम होय. पतंग वा फुगेही अशा ठिकाणी उडवू नयेत.

चेन्नईचा तो दिवस

६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुसेनेच्या ९२ व्या वर्धापनदिनानिमित्त प्रात्यक्षिके झाली. शहरात असा सोहळा सुमारे दोन दशकांनी होत होता. रविवार होता. ७२ विमाने भाग घेणार असे जाहीर झाले होते. राफेल, सुखोई व तेजस यांच्याबरोबर जुने डाकोटाही उडाले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरास आपले सैनिक पोचविणाऱ्या विमानांची ही जात. प्रेक्षकांची संख्या १० लाखांहून पुष्कळच अधिक होती, असे अंदाज प्रसिद्ध झाले. सकाळी ११ ते दुपारी १ पर्यंत कार्यक्रम चालला. आकाशात सर्व काही सुखरूप पार पडले.

परंतु त्या दिवशी पाच प्रेक्षक घरी परतले नाहीत. त्यांच्यावर विमान कोसळले नव्हते की काही आदळले नव्हते. उन्हाच्या तडाख्याने त्यांचा अंत झाला. कित्येकांना भोवळ आली व अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. लोक कार्यक्रमाच्या कित्येक तास आधीपासून वाळूवर बसले होते. सावली नव्हती, पाणी सहजी मिळत नव्हते, आणि कार्यक्रम संपल्यावर वाहन मिळेपर्यंत पुष्कळांना भर दुपारी दूरवर चालत जावे लागले. विमान पाहावयास जाणाऱ्या कुटुंबाला खरे भय कशाचे, हे या दिवसाने दाखवून दिले.

पारा ३५ अंशांच्या आसपास असताना माणसे का दगावावीत, असा प्रश्न विदर्भातील किंवा खानदेशातील पालक विचारतील. त्यांनी तर ४४ अंशांचा उन्हाळा पाहिलेला असतो. याचे उत्तर घरातील माठ देतो. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जाते व आतील पाणी गार होते. कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगला गारवा देतो. कोकणात पावसाळ्यात तोच माठ निरुपयोगी ठरतो, कारण दमट हवेत पाणी उडून जात नाही. माणसाचे शरीरही घामाच्या रूपाने माठाचेच काम करते. समुद्रकिनाऱ्यावरील दमट हवेत घाम निथळतो, परंतु वाळत नाही. म्हणून शरीर गार होत नाही. गर्दीत वाराही लागत नाही. त्यात पोटात पाणी नसले तर घामही पुरेसा येत नाही आणि शरीराची उष्णता वाढतच जाते.

येथे आपल्याकडील एका प्रथेचा विचार करणे आवश्यक आहे. वायुसेना-दिन पुष्कळदा नवरात्राच्या सुमारास येतो; चेन्नईचा तो रविवारही नवरात्रातलाच होता. अनेक माता-भगिनींना या दिवसांत उपवास असतो व काहींचा तो निर्जळी असतो. अशा स्थितीत चार-पाच तास उन्हात बसणे धोक्याचे आहे. उपवास असणाऱ्यांनी पाणी, ताक किंवा लिंबूपाणी घ्यावे, अन्यथा त्या दिवशी घरीच थांबावे, असे शिक्षकाने स्पष्टपणे परंतु आदराने सांगावे. फार वृद्ध माणसे, हृदयविकाराचे रोगी आणि तान्ही मुले यांना न नेणेच इष्ट. तान्ह्या मुलांच्या कानांनाही जेट विमानाचा आवाज सोसत नाही. मोठ्या मुलांनी विमान जवळून जाताना तळव्यांनी कान झाकावेत.

गर्दीचा हिशेब

येताना लोक पहाटेपासून थोडे थोडे येतात, परंतु परतताना सारे एकाच घटकेस उठतात. समजा, एका आगगाडीत दोन हजार माणसे मावतात व दर दहा मिनिटांनी एक गाडी सुटते. तर तासाला १२,००० माणसे जातील आणि एक लाख माणसांना जाण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागेल. हे गणित चौथीच्या वर्गातील मुलेही करू शकतात. आणि ते ज्याने केले आहे, तो शेवटचे विमान जाताच स्थानकाकडे धावणार नाही. त्याने एक तर कार्यक्रम संपण्यापूर्वी थोडे लवकर निघावे, किंवा सावली गाठून गर्दी ओसरेपर्यंत दीड-दोन तास थांबावे. त्या थांबण्यासाठीही पाणी शिल्लक ठेवले पाहिजे. सकाळचे पाणी सकाळीच संपते, ही चूक नेहमी होते.

निघण्यापूर्वी पालकसभेत पुढील गोष्टी सांगाव्यात. दर माणशी निदान दोन लिटर पाणी घरूनच न्यावे. टोपी, उपरणे किंवा ओढणी व सुती कपडे असावेत. प्रत्येक मुलाच्या खिशात पालकाचे नाव व दूरध्वनी-क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मुलास तो क्रमांक पाठ असला तरी घाबरल्यावर आठवत नाही, आणि मोठ्या गर्दीत दूरध्वनी लागेलच याची शाश्वती नसते. जागेवर पोचताच चुकामूक झाल्यास भेटण्याची एक ठळक खूण ठरवावी. दुर्बिणीने वा डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये. विमान सूर्याच्या दिशेने गेले तर दृष्टी खाली घ्यावी. पाण्याची व प्रथमोपचाराची जागा कोठे आहे, ते आधी पाहून मग बसावे.

डोके दुखणे, मळमळणे, पायांत गोळे येणे, चक्कर येणे ही पहिली लक्षणे होत. अशा माणसाला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत व घोट घोट पाणी द्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पाणी अधिक चांगले. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली किंवा अंग फार तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम थांबला आहे की नाही हे पाहत बसू नये. अंगावर पाणी ओतावे, ओले कापड लावून वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

परतल्यानंतर

जी मुले जाऊन आली त्यांना “काय पाहिले?” एवढेच विचारून थांबू नये. विमान दिसल्यावर किती सेकंदांनी आवाज आला, किती विमाने कोणत्या आकृतीत होती, धूर किती वेळ टिकला, वारा कोणत्या दिशेचा होता, असे मोजून सांगता येणारे प्रश्न विचारावेत. जी मुले घरच्या परिस्थितीमुळे जाऊ शकली नाहीत त्यांना कमीपणा वाटू देऊ नये. कागदाचे बाण, पतंग व बादली यांचे प्रयोग त्यांच्याच हातून करून घ्यावेत. गेलेल्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे कारण न गेलेल्यांनी सांगावे, अशी योजना केल्यास दोघांचाही मान राहतो.

वैमानिक पडतात काय, हा प्रश्न वर्गात कधी तरी येतोच. तो दडपू नये. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंका येथे सरावाच्या वेळी सूर्यकिरण पथकातील दोन विमानांची टक्कर होऊन विंग कमांडर साहिल गांधी यांना मरण आले; २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबई येथील प्रदर्शनात तेजस विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल यांचा अंत झाला. हे मुलांना साध्या शब्दांत, भीती न घालता सांगावे. मग हेही सांगावे की विमाने व हेलिकॉप्टरे केवळ कसरतींसाठी नसतात. २०१८ सालच्या केरळातील महापुरात घरांच्या छपरांवर अडकलेली माणसे हेलिकॉप्टरांनी उचलून सुरक्षित जागी नेली. दोराने खाली उतरणारा जवान प्रात्यक्षिकात दिसतो, तोच सराव अशा दिवशी कामी येतो.

पालकसभेतील पंधरा मिनिटे आणि वर्गातील दोन तास एवढाच वेळ शिक्षकाला यासाठी द्यावा लागेल. चेन्नईस गेलेल्या लक्षावधी कुटुंबांनी जे सुंदर दृश्य पाहिले ते आपल्या गावातील मुलांनीही पाहावे, आणि संध्याकाळी, किंवा गाडी चुकल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी, सर्वांनी सुखरूप घरी यावे, एवढ्यासाठी तो वेळ काढणे शिक्षकबंधूंना व भगिनींना अशक्य नाही.